पहिला विनोदी मूकपट कोणता आणि कसा बघावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्टीत तुम्ही, यजमान, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे सगळे मिळून जुने विनोदी मूकपट बघायला बसलात. आधी टीव्हीवर चॅप्लिनच्या १९१६-१७ सालच्या छोट्या सिनेमांचं एक संकलन लावलंत. त्यातली माणसं किल्ली दिलेल्या बाहुल्यांसारखी पळत होती, त्यामुळे सगळे लवकरच कंटाळले. मग मुलाने मोबाइलवर चॅप्लिनच्याच काळातल्या बस्टर कीटन या विनोदवीराचा 'द जनरल' लावला आणि 'गोष्टच सुरू होत नाही' म्हणून २० मिनिटांत बंद केला. आता कर्वेनगरच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी एक संध्याकाळ करायची तुमची इच्छा आहे, पण मनात शंका आहे की हे सिनेमे आता फक्त अभ्यासकांसाठी उरलेत का.

मुळीच नाही. पुण्यात फिल्म क्लबच्या कामात, प्रोजेक्टर चालवण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत, मी बरीच वर्षं घालवली आहेत. हे सिनेमे मी शाळेतल्या मुलांना दाखवलेत, ज्येष्ठ नागरिक संघात दाखवलेत आणि इंजिनिअरिंगच्या पोरांनाही दाखवलेत. नीट दाखवले तर ते हसवतात. तुमच्या दोन्ही फसलेल्या प्रयत्नांची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी सांगतो.

चॅप्लिनच्या संकलनाचा घोटाळा वेगाचा होता. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रं टिपली जात; कॅमेरामन, प्रसंग आणि साल यांनुसार हा आकडा कमीजास्त व्हायचा. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग एकसारखा असणं भाग पडलं आणि २४ चित्रं हा दंडक ठरला. पुढे जुनी रिळं त्याच २४ च्या यंत्रांवर चढवली गेली. ३५ मिमीच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,००० चित्रं. सेकंदाला १६ या वेगाने ते रीळ १६-१७ मिनिटं चालतं, २४ ने चालवलं तर ११ मिनिटांत संपतं. जवळपास एकतृतीयांश वेळ गेला कुठे? चॅप्लिन टोपी उचलण्याआधी क्षणभर थबकतो, पोलिसाकडे बघून ओशाळं हसतो, पाठ वळवल्यावर खांदा उडवतो. तो सगळा वेळ तिथे होता. विनोद त्या थबकण्यात असतो, आणि वेग वाढवला की आधी तेच जातं. पुढच्या पिढ्यांचा 'मूकपटात माणसं तुरुतुरु चालतात' हा समज अशा प्रतींमधूनच पक्का झाला.

यात एक बारकावा आहे. विनोदी सिनेमांत हँडल मुद्दाम थोडं हळू फिरवून पडद्यावरची हालचाल जराशी चपळ करत, त्यामुळे थोडा वेग हा कर्त्यांनाच हवा असायचा. शिवाय १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातले सिनेमे मुळातच २४ च्या जवळपास चालवायचे असत. तेव्हा 'सगळं हळू करा' हा उपाय नव्हे. १९२६ चा सिनेमा १६ ने चालवला तर त्याचा जीवच जाईल. तुमच्यासाठी सोपी खूण म्हणजे लांबी बघा. चॅप्लिनच्या १९१६-१७ मधल्या दोन रिळांच्या सिनेमांची ('इझी स्ट्रीट', 'द इमिग्रंट' वगैरे) चांगली दुरुस्त केलेली प्रत २५ मिनिटांच्या आसपास असते. तोच सिनेमा १७-१८ मिनिटांत उरकत असेल, तर तो पळवलेला तरी आहे किंवा कापलेला तरी. चित्र धुरकट असेल, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसते काळे ठिपके दिसत असतील, तर पुढे बघूच नका. ती प्रतीच्या प्रतीच्या प्रतीवरून काढलेली प्रत असते.

टीव्हीचं एक सांगायचं राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. या सिनेमांची चौकट जवळपास चौकोनी असते, चारास तीन. टीव्ही ती ताणून पडदाभर करत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा मूळ आकार ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारं 'मोशन'चं जे सेटिंग हल्लीच्या टीव्हींत असतं, तेही बंद करा. ते चित्रांच्या मध्ये स्वतःची बनावट चित्रं घुसवतं आणि माणसं तेलावर घसरल्यासारखी दिसू लागतात. काही प्रतींमध्ये तर पुढे जोडलेल्या आवाजाच्या पट्टीसाठी मूळ चित्राची एक बाजू कापलेली असते. कोणी दारातून आत येताना अर्धाच दिसत असेल, किंवा मधेमधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर ओळींची पहिली अक्षरं गायब असतील, तर समजा की प्रत कापलेली आहे.

आता 'द जनरल'. तुमच्या मुलाने तो जिथे बंद केला, साधारण तिथेच इंजिन चोरीला जातं आणि सिनेमा धावू लागतो. तिथून पुढे जवळजवळ सगळा पाठलागच आहे. त्याआधीची २० मिनिटं ही पुढच्या तासाभराची भरलेली शिदोरी आहे, पण पहिल्यांदाच मूकपट बघणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. दुसरं, मोबाइलवर कीटन दिसतच नाही. चॅप्लिन चेहऱ्याजवळ येतो. कीटन लांबून दाखवतो. त्याला माणूस, इंजिन, रूळ आणि डोंगर हे सगळं एका चौकटीत एकाच वेळी हवं असतं, कारण गंमत त्यांच्या आपसातल्या अंतरात असते.

एक प्रसंग तर तुम्ही त्या २० मिनिटांत पाहिलाच आहे, आणि लहान पडद्यामुळे बहुधा तो हातून निसटला असेल. जॉनी ग्रे हा इंजिन ड्रायव्हर. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झाल्यावर तो सैन्यात भरती व्हायला जातो. ड्रायव्हर म्हणून तो जास्त उपयोगाचा, म्हणून त्याला घेत नाहीत, पण हे कारण त्याला कोणी सांगत नाही. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती ॲनाबेल त्याला भित्रा समजते आणि सांगते, गणवेशात दिसेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. तो खाली मान घालून आपल्या इंजिनापाशी येतो आणि चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसतो. चेहऱ्यावर काही नाही. मग इंजिन सुरू होतं. दांडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि दुःखात बुडालेला हा माणूस तसाच बसल्या बसल्या वरखाली होत राहतो. इंजिन शेडच्या अंधारात शिरता शिरता त्याला पत्ता लागतो. कॅमेरा एकच, लांबचा. खरं इंजिन, खरी चाकं. वाफ जरा जास्त सुटून चाकं जागच्या जागी गरकन फिरली असती तर वर बसलेल्या माणसाचं काय झालं असतं याचा विचार करा. प्रेमभंगाचं इतकं नेमकं चित्र मी बोलपटांतही फार कमी पाहिलंय. माणसाचं जग थांबलेलं आहे आणि खालचं यंत्र चालूच आहे.

हे चार इंची काचेवर कसं दिसणार? तिथे इंजिनच बोटभर असतं.

पुढे तोफेचा प्रसंग आहे. रुळांवरून ओढत नेलेल्या तोफेचं तोंड हळूहळू खाली येऊन जॉनीच्याच इंजिनाकडे रोखलं जातं आणि त्याचा पाय अडकलेला असतो. त्याहून पुढे जळत्या पुलावरून खरं इंजिन नदीत कोसळतं. १९२६ साली ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ ते चित्रित झालं. खेळण्यातलं मॉडेल नाही, काही नाही. त्या एका शॉटवर ४२,००० डॉलर गेले असं सांगतात, आणि मूकपटांच्या काळातला तो सर्वांत महाग शॉट मानला जातो. पुन्हा करण्याची सोय नव्हतीच. एवढं करूनही तेव्हा सिनेमा फारसा चालला नाही आणि कीटनचं स्वातंत्र्य पुढे लवकरच गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण सोसायटीच्या संध्याकाळी सुरुवात 'द जनरल'ने करू नका. सुरुवात करा कीटनच्याच 'वन वीक'ने. १९२० चा, दोन रिळांचा, २०-२५ मिनिटांचा. नवविवाहित जोडप्याला लग्नात भेट मिळते ती सुट्या भागांच्या घराची: खोक्यांवरचे आकडे बघायचे, क्रमाने जोडायचं आणि राहायला जायचं. नवरीचा नाकारलेला प्रियकर गुपचूप खोक्यांवरचे आकडे बदलतो. मग जे उभं राहतं त्याला घर म्हणायला धाडस लागतं, आणि ते दोघं हे धाडस करतात. स्वतःच्या घरासाठी चाललेली धडपड पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सासूबाईंना गोष्ट आपसूक कळेल, मुलाला घर गरगर फिरतानाची धमाल कळेल. शेवट मी सांगणार नाही आणि तुम्हीही कुणाला सांगू नका. आधी पाहिलेल्याने 'आता बघ हं' म्हणायचं नाही, हा नियम हॉलमध्ये आधीच जाहीर करा. विनोदी मूकपटात 'आता बघ'ने जेवढं नुकसान होतं, तेवढं खराब प्रतीनेही होत नाही.

त्यानंतर चहा, आणि मग हॅरल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट', १९२३ चा, साधारण सव्वा तासाचा. उंच इमारतीच्या घड्याळाला लटकलेला चष्मेवाला तरुण कुठल्या ना कुठल्या पोस्टरवर तुम्ही पाहिला असेल. तो तिथे का चढला, हे त्याआधीच्या भागात आहे. पहिल्या पाऊण तासात शहरात नोकरीला आलेला, घरी मोठमोठ्या बाता लिहिणारा, भाडं थकलेला कापडदुकानातला सेल्समन दिसतो. तो भाग सोडून थेट घड्याळावर जायचा मोह होईल, तो आवरा. त्याच्याबद्दल काही वाटल्याशिवाय त्याच्या पडण्याची भीती वाटत नाही.

चढाईचं चित्रण कसं केलं हे मुलं विचारणारच. वेगवेगळ्या उंचीच्या इमारतींच्या गच्चीवर भिंतीचे सेट उभारले आणि कॅमेरा असा लावला की मागे खरा रस्ता, खऱ्या मोटारी खोल खाली दिसाव्यात. खाली काही अंतरावर गाद्या घातलेले फलाट होते, पण फलाटावरून घसरलं तर पुढे काही नव्हतं. फार लांबून दिसणारी काही चढाई दुसऱ्या एका सराईत इमारत-चढ्याने केली आहे. आणि एक गोष्ट सिनेमा संपल्यावरच सांगा, आधी नको. १९१९ मध्ये फोटो काढताना हातातला, खोटा समजलेला बॉम्ब फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. तो पडद्यावर खास बनवलेला मोजा घालायचा. हे कळल्यावर मुलं घड्याळाचा प्रसंग पुन्हा लावायला सांगतात. लावा.

आवाजाचं काय करायचं हा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही. मूकपट कधी मुके नव्हते. थिएटरात कोणीतरी वाजवत असे. परदेशात पियानो किंवा वाद्यवृंद, आपल्याकडे पेटी-तबला. आपल्या मंडईजवळ आर्यन थिएटर होतं, ते त्याच काळातलं. पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखवणारेही असत. आज फुकटात मिळणाऱ्या प्रतींवर बऱ्याचदा एकच धांदलीची पियानोची धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकटवलेली असते. पडद्यावर माणूस रडत असतो आणि धून नाचत असते. अशी धून असेल तर आवाज सरळ बंद करा. हॉलमध्ये माणसं असतील तर शांतता रिकामी वाटत नाही, त्यांच्या हसण्याने ती भरते.

सोसायटीत तबला शिकणारं कोणी असेल तर आणखी उत्तम. त्याला सिनेमा आदल्या दिवशी एकदा दाखवा. सांगायचं एवढंच, की प्रत्येक पडण्यावर थाप मारायची नाही. नवशिके तेच करतात, आणि मग विनोद दोनदा सांगितल्यासारखा होतो. चालणाऱ्या माणसाचा ठेका धरायचा, साधा केरवा चालेल, आणि तो पडला तरी ठेका चालूच ठेवायचा. खरी कमाल थांबण्यात आहे. लॉइड घड्याळाच्या काट्याला लटकतो तिथे तबला गप्प झाला, की हॉलमधला श्वास ऐकू येतो. सहकारनगरमधल्या एका छोट्या कार्यक्रमात हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याचा दंड घट्ट पकडला होता.

आवाज बंद करण्याच्या नियमाला एक मोठा अपवाद म्हणजे चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स'. तो १९३१ चा, म्हणजे बोलपट स्थिरावल्यानंतरचा. संवाद न घेण्याचा निर्णय चॅप्लिनचा आणि संगीतही त्याचंच. ते बंद केलंत तर अर्धा सिनेमा गेला. तो पहिल्या संध्याकाळी नको, दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. पण त्यातली एक जागा आत्ताच सांगतो, कारण मूकपट म्हणजे काय हे त्यात आहे. फुलं विकणारी आंधळी मुलगी भणंग चार्लीला श्रीमंत समजते, ही सगळ्या गोष्टीची खुंटी. पण तिला तसं का वाटावं? ती बघू शकत नाही, आणि आपल्याला ऐकू येत नाही. चॅप्लिन या जागेवर अडून बसला, शेकडो वेळा तो प्रसंग चित्रित केला, मधे महिनेच्या महिने गेले. शेवटी सापडलेलं उत्तर असं: पोलिसाला टाळायला चार्ली उभ्या असलेल्या एका मोटारीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो. दार लागतं. मुलगी मान वळवते आणि फूल पुढे करते. तिने मोटारीच्या दाराचा आवाज ऐकला! आपल्याला तो ऐकू आलेला नाही, तरी आपण शपथेवर सांगू की आला. मग खरा मालक येऊन मोटारीत बसतो, मोटार निघून जाते आणि मुलीला वाटतं की उरलेले पैसे न घेताच साहेब गेले. एका दारावर उभी केलेली गोष्ट शेवटच्या मिनिटापर्यंत टिकते.

पाट्यांचं असं करा. इंग्रजी पाट्या आजींना वाचता येत नसतील किंवा डोळ्यांना त्रास होत असेल, तर एकाच माणसाने त्या मराठीतून, एका वाक्यात, साध्या आवाजात सांगाव्यात. नाट्यमय अभिनय नको आणि समालोचन तर अजिबात नको. पाटी गेली की गप्प. हे काम तुमच्या मुलालाच द्या. आदल्या दिवशी पाट्या वाचून तो मराठी वाक्यं लिहून ठेवेल. मुलांकडे हे काम दिलं की ती पडद्यावरून नजर हटवत नाहीत.

अजून एक गोष्ट, जी बरेच आयोजक टाळतात. या सिनेमांत त्यांच्या काळाचे दोष आहेत. कृष्णवर्णीयांची टिंगल, रंग फासून केलेली सोंगं, बायकांना नुसती बाहुली समजणं हे कुठे कुठे येतं. 'द जनरल'चा नायक तर अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूचा आहे. मुलांपुढे लावण्याआधी सिनेमा स्वतः पूर्ण बघा, आणि असं काही आलं तर नंतर दोन वाक्यांत खरं काय ते सांगा. मुलांना ते समजतं.

सासूबाईंसाठी एक वेगळी सूचना. सगळ्यात आधी, 'वन वीक'च्याही आधी, फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'ची पहिली काही मिनिटं लावा. कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग तीच कृष्ण होऊन समोर येते. गोष्ट आजींना पाठ आहे, त्यामुळे शब्द नसल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही. बिनआवाजी चित्राची सवय होते, आणि पुढचा परका वाटणारा सिनेमा मग तितका परका राहत नाही.

प्रतींची चौकशी करायची तर आपण पुण्यात आहोत हे आपलं भाग्य. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून तिथे देशोदेशीचे सिनेमे जमवले. शहरातल्या फिल्म क्लबांकडेही कधी काय दाखवणार आहेत ते विचारत राहा. मोठ्या पडद्यावर, अनोळखी लोकांसोबत एखादा मूकपट बघायची संधी आली तर मुलाची शिकवणी एक दिवस बुडाली तरी चालेल. हक्कांचं म्हणाल तर आपल्या कायद्यानुसार सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे १९२० च्या दशकातले हे सिनेमे मोकळे आहेत. नव्या प्रतीवर नव्याने केलेल्या संगीताचे हक्क मात्र वेगळे असू शकतात, म्हणून जाहीर कार्यक्रमाला तबल्याची वाट धरलेलीच बरी.

हॉलमध्ये पडदे ओढून पूर्ण अंधार करा, भिंत पांढरी नसेल तर इस्त्री केलेली चादर ताणून बांधा, आणि मुलांना पुढे, मोठ्यांना मागे बसवा. मोठी माणसं आधी पडद्याला हसत नाहीत, पुढे बसलेल्या मुलांच्या हसण्याला हसतात. पाचेक मिनिटांत दोन्ही एक होतं. 'द जनरल' तुम्ही दोन-तीन आठवड्यांनी, त्याच भिंतीवर लावा. साधारण सव्वा तासाची प्रत घ्या, आणि दांड्यावर बसलेला जॉनी येईल तेव्हा मुलाला काही सांगू नका.